हॉलमधली कयाक आणि एक हॅलिबट

मासे पकडणाऱ्यांच्या घरी मासे कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमचा फ्रीझर रिकामा आहे. किस्से मात्र ठेवायला जागा नाही.

जागा नाही, कारण हॉलमध्ये कयाक आहे. दोन सीटची, वल्ह्यांची, पिवळीधमक होडी. लग्न होऊन एडिनबराला आले, तर सोफ्याच्या जागी हीच! नवरा, म्हणजे निखिल, म्हणाला, "बस ना." मी तिच्यातच बसले. मी फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले, "या उन्हाळ्यात हॅलिबट पकडून दाखव, नाहीतर ही विकायची."

हॅलिबट म्हणजे समुद्राच्या तळाशी पडून असलेला चपटा, अवाढव्य मासा. निखिलचं स्वप्न. त्याचे या विषयातले गुरू डॉक्टरकाका आणि त्यांच्या पत्नी मेधाकाकू तेव्हा समोरच होते. काकू खूश होऊन म्हणाल्या, "गिऱ्हाईक मी शोधते!"

*

निखिलने हॅलिबटसाठी गळ आणले ते केवढे! किचनच्या भिंतीवर टांगलेले माझ्या आईने नाशिकहून व्हिडिओ कॉलवर पाहिले. "अगंबाई, पडद्यांचे हुक का? मजबूत दिसतायत हो!"

खरं सांगायला अर्धा तास लागला असता. मी म्हणाले, "हो."

पुढच्या महिन्यात पार्सल आलं. पडदे!

*

रिग बांधायची म्हणजे जाड नायलॉनला गळ, वजन सगळं गाठी मारून जोडायचं. गाठ आवळण्याआधी ओली करावी लागते, नाहीतर नायलॉन कमजोर होतं. सगळं जग त्यासाठी गाठ तोंडात धरतं. डॉक्टरकाका पडले सर्जन! ते वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेऊन बसतात.

एकदा त्यांचीच गाठ सुटली आणि गळ तळाशी गेला. काठावरून काकू ओरडल्या, "अहो, पेशंटचे टाके तरी टिकतात ना?"

*

हॅलिबटच्या गळाचं टोक आत वळलेलं असतं. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. तो वळून निघाला की गळ आपोआप जबड्यात बसतो. निखिल दर वेळी हिसका देतो आणि रिकामा गळ वर येतो.

काका वैतागले. "अरे, काही करू नकोस! एवढंच करायचंय!"

"काका, काही न करणं जमलं असतं तर मी आज मॅनेजर असतो!"

*

आमिषाचे बांगडे साफ करायचं काम एकदा काकूंकडे गेलं. समुद्रात गेल्यावर काकांनी डबा उघडला. हळद, मीठ, लाल तिखट, वर कोकमाचं आगळ!

परत आल्यावर ते म्हणाले, "मेधा, हे आमिष होतं."

"मग? कुणीतरी खाणारच होतं ना!"

*

उन्हाळा संपत आला तसे आम्ही उत्तर किनाऱ्यावर गेलो. शेवटची संधी. काकूंनी खरंच एक गिऱ्हाईक पक्कं केलं होतं. तो सोमवारी कयाक न्यायला येणार होता. निखिल मागे, पुढच्या सीटवर मी. काका त्यांच्या कयाकमध्ये लांब, खडकापलीकडे.

दुपारी रॉड वाकला. निखिलने हिसका दिला नाही! दात आवळून बसून राहिला. मग कयाकच हळूहळू ओढली जायला लागली. बऱ्याच वेळाने पाण्याखाली काहीतरी तपकिरी, चपटं वर आलं. मला ते साधारण पोळपाटाएवढं दिसलं.

"फोटो! फोटो काढ!"

मी वॉटरप्रूफ पिशवीची चेन उघडतेय तोवर शेपटीचा एक फटका बसला आणि मासा गेला. उरला नुसता गळ.

निखिलने कयाक वल्हवत काठाला आणली. काकू खुर्ची टाकून बसल्याच होत्या. काकाही येऊन पोचले.

"हॅलिबट होता," निखिल म्हणाला. "सुटला."

"सगळ्यांचा सुटतोच!" काकू हसल्या. "फोटो? नाही ना? मग सोमवारी द्यायची." आणि माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. तू काही उगीच बोलणाऱ्यातली नाहीस. होता का?"

निखिल वाळूकडे बघत होता.

मी दोन्ही हात पसरले. थोडे कमी वाटले, म्हणून पुरते ताणले.

"एवढा."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. काकांनी टोपी काढली.

निखिल माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, एवढा नव्हता!"