आईने ताडून पाहिलं

वडिलांनी आईला फोनवर माहिती शोधायला शिकवलं ते त्यांच्या पद्धतीने, म्हणजे रोज एकदा तरी तिला मूर्ख ठरवून. ते निवृत्त शिक्षक. दुपारची जेवणं झाली की दोघं मांडवीच्या आमच्या घराच्या पडवीत बसत. आई एकेक अक्षर हुडकून दाबायची आणि जे सगळ्यात वर येईल ते उघडायची.

"वर आलं म्हणजे चांगलं, असं कोणी सांगितलं तुला? बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलंय. पैसे भरून वर बसलेत ते."

"देवळात पण तेच पुढे बसतात," आई म्हणायची.

एकदा वीज तोडणार असल्याचा खोटा संदेश आला आणि ती घाबरून त्यातली लिंक दाबायला गेली. वडिलांनी ती गोष्ट शेजाऱ्यांना, दारावर येणाऱ्या मासेवालीला, सगळ्यांना सांगितली. मग तिला म्हणाले, "घाबरलेला माणूसच फसतो. घाबरवणारं काही दिसलं की हात मागे घ्यायचा. आणि दोन-तीन खात्रीच्या ठिकाणी ताडून पाहायचं."

त्याच वर्षी गणपतीच्या आधी डॉक्टरांनी वडिलांना आणि मला आत बोलावून सांगितलं की आईला कॅन्सर आहे, तो पसरलाय, आणि गोळ्यांनी फार तर थोडा काळ मिळेल. जिना उतरता उतरता वडिलांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. मी विरोध केला नाही. आईला आम्ही सांगितलं, साधी गाठ आहे, विरघळेल. तिला संगमेश्वरला तिच्या मोठ्या बहिणीकडे आठ दिवस राहायला जायचं होतं. "बरी झालीस की जा," वडील दर वेळी म्हणत.

वडील गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवत. एके दिवशी ते बाजारात गेले असताना औषधवाल्याचा माणूस पिशवी आईच्याच हातात देऊन गेला. वडील मासळी घेऊन परतले तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"अहो, ही गोळी कॅन्सरवर देतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"फोनमध्ये आलंय."

"वीज तोडणार होते, तेही फोनमध्येच आलं होतं ना?"

आई ओशाळून हसली. तिचा चेहरा सैल झाला. "मी पण वेडीच," म्हणत ती मासे साफ करायला उठली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, एखादं गणित सोडवल्यासारखं.

पण ती नीट शिकली होती. पुढे बरेच दिवस वडील झोपले की ती फोन घेऊन बसायची. मग एका संध्याकाळी चहाच्या वेळी तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"ही जाहिरात आहे का?"

"नाही."

"पत्ता बघा. सरकारी इस्पितळाचाच ना? आणखी दोन ठिकाणी हेच लिहिलंय. दाखवू?"

वडिलांनी फोन उचलून हातात घेतला.

"मग वाचा मोठ्याने. मराठीतच आहे."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळी वर्गातल्या आवाजात वाचल्या, नंतर आवाज खाली आला. आई फोनकडे बघतही नव्हती.

"एक वाक्य गाळलंत. पोरांनी गाळलं की छडी मारायचात तुम्ही."

ते मागे गेले आणि त्यांनी ते वाक्य वाचलं. या टप्प्यावर आजार बरा होत नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"गणपतीपासून."

"तेव्हा मला चालवत होतं," आई म्हणाली. आता तिला उशीचा आधार असल्याशिवाय चहापुरतंही बसवत नव्हतं.

रात्री तिने मला हाक मारली. "बाय, ताईला बोलाव. बाकी काही सांगू नकोस. मीच सांगेन तिला."

मावशी दुसऱ्याच दिवशी आली. आईने माझ्याकडून केस विंचरून घेतले होते. मावशी तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "कशाला काळजी करतेस? साधी गाठ ती. मे महिन्यात ये, आंबे उतरवतील तेव्हा."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "अहो, हिलापण पढवून ठेवलंत?"

मावशी रडायला लागली. "तेच म्हणाले गं, तू खचशील. मला शपथ घातली त्यांनी."

"आणि तू इतके महिने फोनवर माझ्याशी हसत होतीस."

"तसं नाही गं…"

"ऊठ. पाचची एसटी चुकेल तुझी."

मावशी उठेना, तेव्हा आईने भिंतीकडे तोंड केलं. मी मावशीला स्टँडवर सोडायला गेले. रिक्षात ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "परत कधी येऊ?" आईने काही निरोप दिला नव्हता आणि मला स्वतःहून सांगवेना. मावशी परत आली तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं.