शेंदरी खुणेचा गोटा

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना घाटात कडा अगदी डोक्यावर येतो. त्या कड्याला दोरीनं लटकायचं आणि हातोडीनं एकेक दगड ठोकून पाहायचा, हे तेव्हा माझं काम होतं. टण्ण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर सुटलेला. सुटलेल्यावर रंगाची खूण करायची आणि मग रस्ता बंद ठेवून तो सब्बलीनं उचकटून आपणच खाली पाडायचा, म्हणजे कोणाच्या डोक्यात पडत नाही.

त्या वर्षी ठेकेदारानं पिवळ्याऐवजी शेंदरी रंगाचे डबे पाठवले. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडे शेंदरी गोट्याले कोणी साधा गोटा समजते का?" तो म्हणे, रंग तो रंग.

झालं! रस्ता बंद करायची परवानगी येईपर्यंत सगळ्यात मोठ्या, बैलगाडीएवढ्या गोट्याखाली नारळ फुटू लागले. दूर राहा म्हणून केलेल्या खुणेखालीच माणसं मांडी घालून बसायला लागली. मी ओरडलो, हात जोडले, तर "देवाले पाडतं का बे?" म्हणून दोघं अंगावर धावून आले. माझे हातच बांधले गेले. अशी चीड यायची, पण काढणार कोणावर?

शेवटी परवानगी आली. मी कमरेला दोरीचा पट्टा बांधून पोचलो, तर गोट्याखाली माझी माय! मोताळ्याच्या बाजारात भाजी विकून येता येता उतरली होती.

"माय, ऊठ! हा गोटा सुटेल आहे. मी सोता ठोकून पाह्यला."

"मले माहीत आहे."

"मंग काऊन बसली?"

"तू तिकडं लटकते, इकडं मले घास उतरत नाही. तुह्यासाठी नवस बोलली याले."

मी तिचा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"तू दोरी सोड, मी उठीन."

दोरी सोडली तर हा गोटा उतरवणार कोण? मी हे तिला सांगत होतो, तेवढ्यात वरून मूठभर माती आमच्या मधे पडली. मायनं ती माती बोटानं उचलली आणि अंगारा म्हणून माझ्या कपाळाला लावली.

मी पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला. ती लगेच उठली.

त्यानंतर मी कड्यावर चढलो नाही, आणि माझ्या जागी देवाला सब्बल लावायला दुसरा कोणी तयार झाला नाही. गोटा अजून तिथंच आहे. त्याच्याखाली आता दुसऱ्यांच्या आया बसतात.