विहीणबाईंची पत्त्यासकट प्रार्थना

देवाला पूर्ण पत्ता सांगून प्रार्थना करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि ती माझ्या लेकीची सासू. आमच्या विहीणबाई लासूर स्टेशनच्या. मुकुंदवाडीला आमच्याकडं आल्या, की चप्पल काढायच्या आधी डोळे मिटून मोठ्यानं सुरू: "प्रभू येशू, मुकुंदवाडी स्टेशनामागं, गिरणीवरून डावीकडं, हिरव्या फाटकाचं घर. मागं नवे बंगले झालेत, तिकडं नको जाऊ." आमचे हे लई थट्टेखोर. म्हणायचे, "विहीणबाई, देवाला पत्ता लागतो व्हय?" त्या म्हणायच्या, "शहर केवढं वाढलंय, व्याही! रिक्षावाले चुकतात. नीट सांगायला आपलं काय जातंय?"

पण मागण्याआधी आभार. दुष्काळात टँकर आला तर त्याचे. नाही आला, तर कालचा हंडा पुरला म्हणून. एकदा पाऊस त्यांचं शिवार सोडून नाल्यापलीकडंच पडला. बाई म्हणाल्या, "प्रभू, त्यांचं भलं केलंस, उपकार झाले. आता जरा अलीकडं ये, आमची विहीर लिंबाजवळ हाय." हसू दाबताना मला आमेनसुद्धा नीट म्हणता येईना.

त्याच वर्षी ह्यांना अर्धांगवायू झाला. अंग हळूहळू सावरलं, वाचा मात्र गेली. परत येईल का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. दिवसभर बडबडणारा माणूस नुसता छताकडं बघायचा. माझी तर प्रार्थनाच आटली. हात जोडले तरी शब्द येत नसत. विहीणबाई रोज दुपारच्या गाडीनं दवाखान्यात यायच्या आणि माझ्याही वाटचं बोलायच्या: "प्रभू, दुसरा मजला, दाराजवळची खाट. व्याह्यांना वाचा दे. शेजारी एक चाचा हायेत, आलाच हायेस तर त्यांनाही बघून जा." चाचा पडल्या पडल्या "आमीन" म्हणायचे.

एका सकाळी ह्यांची खाट खिडकीकडं हलवली. दुपारी बाई ह्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले अन् सवयीनं, "प्रभू, दुसरा मजला, दाराजवळची खाट..." ह्यांनी मान हलवली, हात हलवला. मिटल्या डोळ्यांना काय दिसणार? मग घशातून खरखरत, तुटत आवाज आला, "खि... खिडकी. खिडकीजवळ."

उभ्या जन्मात विहीणबाईंनी प्रार्थना अर्धी सोडली ती तेवढीच. खाटेचा दांडा धरून घळाघळा रडायला लागल्या. राहिलेली मी पूर्ण केली. "पित्या, तुझे उपकार," एवढंच. पण कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून निघालं.

आता हे आणि विहीणबाई दोघंही प्रभूकडं गेलेत. मी लासूरला लेकीकडं गेले, की संध्याकाळी ती म्हणते, "आई, तू कर प्रार्थना." मी करते. माझी छोटीच असते, लगेच संपते. आमेन म्हणायच्या आधी मात्र डोळे मिटूनच जरा थांबते, अजून कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर.