तपकिरी सापाच्या पोटातले रंग

ती माझी बहीण आहे. सख्खी, धाकटी आणि एकुलती एक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, "कोण हो ती तुमची?" आणि तेव्हा माझी छाती इतकी फुगते की उत्तराला श्वासच उरत नाही.

तिला आम्ही बारकी म्हणतो. बायकांचे केस कापते, रंगवते. पुढच्या खोलीत खुर्ची, आरसा, रंगाच्या ट्यूबा. मागच्या खोलीत साप. दचकू नका. कॉर्न स्नेक म्हणतात त्यांना, हौसेनं पाळतात, विष अजिबात नाही. स्वभावानं तिच्या नवऱ्यापेक्षाही गरीब, आणि तो तर वाटीत जे पडेल ते निमूट खातो.

पण आमचे बाबा! त्यांचा जन्म घरं रंगवण्यात गेला. बारकीकडे साप आले त्या दिवसापासून त्यांनी तिच्या घरात पाऊल टाकलं नाही. ती त्यांच्याकडे गेली की प्रेमानं बोलायचे, जेवू घालायचे. ती "बाबा, आता तुम्ही या ना" म्हणाली की खिडकीबाहेर बघत बसायचे. बारकी कशावरही हसते, पण यावर नाही हसायची.

तिची पहिली जोडी म्हणजे एक नारिंगी मादी, अंगावर काळ्याचा ठिपका नाही, आणि एक राखाडी नर, त्याच्यात लालचा पत्ता नाही. पिल्लं झाली ती सगळी तपकिरी! लाल-काळ्या नक्षीची, अगदी साधी.

"एवढा खटाटोप करून हे?" मी म्हटलं. "रंग गेला की गं वाया."

"गेला नाही दादा, लपलाय," ती म्हणाली आणि टेबलावर ट्यूबा मांडायला लागली. "प्रत्येक रंगाच्या दोन ट्यूबा. एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी भरलेली असली तरी रंग चढतो. दोन्ही रिकाम्या असल्या तरच गायब. या आईच्या काळ्याच्या दोन्ही रिकाम्या. बापाच्या लालच्या दोन्ही रिकाम्या. पिल्लाला काळ्याची भरलेली बापानं दिली, लालची आईनं. म्हणून दोन्ही रंग दिसतात. पण प्रत्येकाच्या खिशात एकेक रिकामी आहेच की!"

"मग?"

"ही मोठी झाली की यांचीच जोडी लावायची. ज्याच्या वाट्याला चारही रिकाम्या येतील ते पिल्लू पांढरं. सोळात एक."

मी सातवीपर्यंत शिकलोय, पण मला एका दमात कळलं. आमच्या घराण्यात डोकं आहेच. तडक बाबांना जाऊन सांगितलं.

"रंगात रंग मिसळून पांढरा?" बाबा खो खो हसले. "अरे, एकदा बादलीत गेलं की गेलं. त्या तपकिरीतून पांढरा काढून दाखव म्हणावं तिला. मी माझ्या पायानं येईन तिच्या घरी."

बारकीला सांगितलं तर तिचा हात गिऱ्हाइकाच्या केसांतच थांबला. "खरंच येईन म्हणाले?"

पिल्लं वाढली, जोडी लागली, मादीनं अंडी घातली. मोजली तर बरोब्बर सोळा!

"सोळात एक, आणि अंडी सोळा! पांढरं नक्की!" मी व्हॅन चालवतो. त्या आठवड्यात जिथं जिथं माल उतरवला तिथं तिथं ही बातमीही उतरवली.

"दादा, असं नसतं रे," बारकी कपाळाला हात लावून म्हणाली. "प्रत्येक अंड्याची चिठ्ठी वेगळी निघते. दोनही येतील पांढरी, नाहीतर एकही येणार नाही."

"तू घाबरू नकोस. मी आहे ना."

जणू अंडी मीच घातली होती.

फुटायचा दिवस आला. अंड्याला चीर जायची आणि इवलंसं नाक बाहेर. तपकिरी. तपकिरी. मग नारिंगी! मी नाचलो. मग राखाडी! पुन्हा नाचलो. असं करत करत शेवटचं फुटलं, आणि तेही तपकिरी.

पांढरं एकही नाही.

"या अंड्यांना हिशोब येत नाही," मी चिडून म्हटलं.

बारकी हसली. "बाबांना सांगून टाक दादा. नाही आलं म्हणावं." मग हात धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

संध्याकाळी बाबांकडे गेलो. तोंड पाडून फोनवरचा फोटो पुढे केला. "नाही आलं पांढरं."

बाबांनी चष्मा लावला. "हे नारिंगी कुणाचं?"

"त्याच जोडीचं."

"आणि राखाडी?"

"तेही."

"आईबाप दोघं तपकिरी होते ना? थापा मारू नकोस."

"बाबा, मी फुगवून सांगतो, थापा नाही मारत."

त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. "म्हणजे मिसळले नव्हतेच," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आत वेगवेगळेच होते. बादलीत गेलेला नारिंगी परत निघालेला मी जन्मात बघितला नाही रे." फोन माझ्या हातात दिला आणि जेवायला बसले. आता येणार की नाही, कुणास ठाऊक. मग मी तरी बारकीला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "दादा, ये. आत्ताच्या आत्ता ये." मला वाटलं, मेलं की काय एखादं. व्हॅन तशीच वळवली. पुढच्या खोलीत एक बाई अर्ध्या डोक्याला रंग लावून ओरडत होती, "अहो, माझं काय?" मागच्या खोलीत बाबा स्टुलावर, हातावर ती तपकिरी मादी, आणि चष्मा तिच्या खवल्यांना टेकायच्या बेतात.

"हिच्यात अजून पांढरा आहे म्हणतेस?"

"अर्धा हिच्यात, अर्धा नरात. पुन्हा अंडी घालेल ना ती."

"बाबा!" मी दारातून म्हटलं.

"तू तिथंच थांब," बाबा वर न बघता म्हणाले. "पुढच्या अंड्यांचं बोलतोय आम्ही. तुला कळलं की गावभर होतं."

बारकी अशी खदखदून हसली की ती मादी बाबांच्या मनगटाला घट्ट वेटोळं घालून बसली. बाबांनी हात काही हलवला नाही. "हळू गं," म्हणाले, "घाबरेल ना ती."