दादांच्या पोवाड्यात मी कुठे?

नारायणगावच्या एसटी स्टँडवर मला सोडायला दोघं आले होते. एक माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दुसरा शिवा. शिवा आमच्या खोडदचाच, शाळेपासूनचा माझा दोस्त, पुढे गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक. माझी पत्र्याची ट्रंक त्याच्या डोक्यावर होती. मी मस्कतला एसी फिटर म्हणून चाललो होतो आणि आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ असं काय काय भरून दिलं होतं. कल्याणची गाडी लागली तसे दादा म्हणाले, "पोचल्यावर कळव." बस्स. पोटचा पोरगा समुद्रापलीकडे चाललाय आणि बापाने दोनच शब्द खर्चावेत! गाडी हलली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं, तर दादांचा हात शिवाच्या खांद्यावर होता. माझ्या खांद्यावर तो हात शेवटचा कधी पडला, हे मी माळशेज उतरेपर्यंत आठवत बसलो. आठवलं नाही.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून गेलात, तुम्हा दोघांसाठी हे लिहितोय. राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांची मजा आहे. गेलेल्यांना काय वाटतं ते आम्ही सांगत नाही, कारण लाज वाटते. मी सांगतो. हेवा वाटतो. मला शिवाचा पंधरा वर्षं हेवा वाटत आलाय, आणि तो पैशाअडक्याचा नाही.

दादा फौजेत होते. श्रीलंकेत आपली शांतिसेना गेली, त्यात गेले आणि तिथून आल्यावर पेन्शन घेऊन घरी बसले. गावात त्यांना सगळे मेजर म्हणायचे. हुद्दा नाइकाचा, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. पारावरची मंडळी गंमत करायची, "मारुती लंकेला जाऊन आला, त्याचं देऊळ झालं. मेजर जाऊन आलं, त्यास्नी पेन्शन झाली." दादा हसायचे. पण शिवारात कुणाच्या विहिरीला सुरुंग लागला की हातातलं खुरपं टाकून बांधाच्या आडोशाला बसायचे. कुकरची शिट्टी झाली की घराबाहेर पडायचे. आईने कुकर माळ्यावर ठेवून दिला तो कायमचा, आमच्याकडे डाळ पातेल्यातच शिजायची. असं का, ते कुणी बोलायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाले, "तू अभ्यास कर."

त्यांना एकच जागा मानवायची, ती म्हणजे शिवाची गिरणी. लाइट असेल तितका वेळ गिरणी धडधडायची आणि त्या आवाजात दुसरा कुठलाही आवाज शिरायचा नाही. दादा पोत्यावर जाऊन बसायचे, डोळे मिटून, पीठ अंगावर घेत. दुपारी जेवायला यायचे ते पांढरे होऊन. तेव्हा गावाच्या हद्दीत रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या राहत होत्या. आई वैतागून म्हणायची, "त्या तबकड्यास्नी म्हणं आभाळातलं ऐकू येतं. ह्या माणसाच्या मनातलं कुनाला ऐकू येतंय का बगा."

शिवाला येत होतं. ते मला मस्कतला गेल्यावर चार वर्षांनी कळलं.

मस्कतला कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आम्ही आठ मराठी पोरं. सकाळी खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि काळा चहा, मग दिवसभर कुठल्या तरी अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, गच्चीवर एसीचं चिलर मशीन उघडून बसायचं. शुक्रवारी सुट्टी, आणि शुक्रवारीच घरी फोन. आधी आई भरभरून बोलायची, मग दादा यायचे. "बरं हाय का? जेवलास का? ठेव, बिल वाढतंय." पहिल्या वर्षी मी त्यांना चांगले चामड्याचे बूट पाठवले, नाडीचे, इटलीचे म्हणून विकतात तसले. त्यांनी ते कधी घातले नाहीत. आईने सांगितलं, कोनाड्यात ठेवलेत, रोज पुसतात. मला राग आला. बापाला पोराची वस्तू अंगाला लावावीशी वाटत नाही, असा मी अर्थ काढला.

मग शिनोलीचा दत्ता सुट्टीवरून परत आला. दत्ता आमच्याच खोलीत राहायचा, कंपनीत हेल्पर होता. त्याने बॅगेतून कॅसेट काढली. "तुमच्या खोडदच्या शाहिराची हाय. लई गाजतीय राव! घोडेगावच्या बाजारात बी वाजत व्हती."

शाहीर म्हणजे शिवा. मी निघालो तेव्हा तो नुसता भजनात झांजा वाजवायचा. आता डफ घेऊन यात्रेत उभा राहायला लागला होता आणि त्याने पोवाडा केला होता मेजरवर. माझ्या बापावर! आम्ही आठही जण टेपभोवती बसलो.

*मारुतीनं लंका जाळली, शेपूट विझवली सागरात,*
*मेजर आमचा जळतच आला, पाणी मिळंना घरात, जी रं जी जी…*

घरात पाणी मिळंना! म्हणजे आम्ही काय केलं? अंगाची लाही लाही झाली. पण कॅसेट पुढे चालली होती आणि मला बसून ऐकावं लागलं. त्यात साताऱ्याकडचा कुणी तुका होता, चहात साखरेऐवजी गूळ घालणारा, दादांचा जोडीदार. गस्तीवर सगळ्यांच्या पुढे चालायची पाळी त्या दिवशी दादांची होती. दादांच्या बुटाची नाडी सुटली, ते बांधायला खाली वाकले, आणि तुका म्हणाला, "तू बांध, मी होतो पुढं." दहा पावलांवर सुरुंग होता.

मला कोनाड्यातले बूट दिसले. खोलीतल्या सात जणांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की हे शिवाला माहीत आणि मला नाही. बाप माझा, नाडी माझ्या बापाची, आणि ती गोष्ट गिरणीवाल्याच्या तोंडून अख्ख्या आंबेगाव-जुन्नरने माझ्याआधी ऐकली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्यात भर म्हणजे गाण्यात तो माझ्या बापाला सरळ 'दादा' म्हणत होता.

पुढे माझ्या बहिणीच्या, मंदाच्या लग्नाचं कडवं होतं. तो प्रसंग मला सांगायची कुणाला गरज नव्हती, मी तिथेच होतो. वरात मांडवाशी आली आणि नवरदेवाच्या दोस्तांनी फटाक्यांची माळ लावली. दादा नव्या फेट्यासकट भुईवर पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. आणि शिवा, मुंडावळ्या ठेवलेलं ताट बाजूला सारून, त्यांच्या शेजारी मातीत पालथा झोपला.

*मांडवात वाजली माळ, मेजर पडला भुईवरी,*
*शिवा निजला शेजारी, म्हणे मीबी तुमच्याच मोर्च्यावरी, जी रं जी जी…*

हे खरं आहे. शिवा तसा झोपला होता. मी काय केलं ते गाण्यात नव्हतं, आणि ते मी शेवटी सांगणार आहे.

या कडव्यानंतर कॅसेटमध्ये एक विचित्र जागा होती. शिवा गायचा थांबायचा आणि नुसता डफ वाजत राहायचा, एका कडव्याइतका वेळ. शब्द नाहीत, मागून जी जी ओढणारे झीलकरी नाहीत. मग पुढचं कडवं. मला वाटलं, रेकॉर्डिंगमध्ये गडबड झाली असणार, गावठी काम. कॅसेट संपल्यावर दत्ताने विचारलं, "रमेशभाऊ, तुजाच बाप ना ह्यो? मग तू कुटं हायेस ह्याच्यात?"

मी म्हणालो, अजून भाग असतील. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. त्या पोवाड्यात आई होती, मंदा होती, गिरणीचा पट्टा होता, अगदी आमचा मोती कुत्राही एका ओळीत भुंकून जात होता. मीच नव्हतो. पेन्शनवर जे घर होत नव्हतं ते माझ्या ओव्हरटाइमवर झालं, मंदाचं बाळंतपण माझ्या पैशावर झालं, आणि गाणं ऐकणाऱ्याला वाटेल की मेजरला मुलगाच नाही. लोक शिवालाच मुलगा समजत असतील. तो तेच समजवत होता, दुसरं काय!

पुढच्या चैत्रात मी यात्रेसाठी म्हणून गेलो. खरं तर भांडायला गेलो. देवळापुढे सकाळी शिवा उभा राहिला, समोर पाच गावांची माणसं. दादा पहिल्या रांगेत, बूट नाहीतच, चपला शेजारी काढून, शिवाच्या मानाच्या पाहुण्यासारखे मांडी घालून बसलेले. माझा तीळपापड झाला तो इथे. शिवाने लग्नाचं कडवं म्हटलं आणि थांबला. परत नुसता डफ. म्हणजे रेकॉर्डिंगची चूक नव्हती. मी पाहिलं, दादांनी त्या वेळी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली नेली.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी गाठली. दळण चालू होतं. दादा त्यांच्या पोत्यावर, डोळे मिटलेले. मी ओरडूनच बोललो, तिथे दुसरा इलाज नव्हता. "शिवा, माझा बाप तू पळवलास. ते तुला बोलले आणि मला का नाही?"

शिवा जवळ आला, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "मला कवाच बोललं न्हाईत. पट्टा चालू असला की आपल्याशीच बोलत्यात. त्यास्नी वाटतं, कुनाला ऐकू जात न्हाई. गिरणीवाल्याचा कान वायला आस्तो रमेश, पट्ट्याच्या खालचं बी ऐकू येतं. चार वरीस ऐकलं, मग एकदा त्यास्नी समदं गाऊन दावलं. म्या म्हनलं, आवडलं न्हाई तर जाळतो. दादा लई रडलं. मग म्हनलं, गा."

"मग मी का नाही त्यात?"

शिवाने घाम पुसला, पीठ कपाळावर पसरलं. "व्हतास की. कडवं व्हतं तुजं. लग्नाच्या मागनंच."

मला ते कडवं ऐकायची गरज पडली नाही. मला माहीत होतं त्यात काय असणार.

दादा मांडवात पालथे पडले तेव्हा नवरदेवाकडची माणसं कुजबुजायला लागली होती. मुलीचा बाप वेडा आहे, अशी ती कुजबुज होती. मी नवा सफारी घालून पुढे झालो, हसलो आणि मोठ्याने म्हणालो, "काही नाही हो पावणं, जरा घेतलीय त्यांनी. पोरीच्या लग्नाचा आनंद!" सगळे हसले. दारू प्यालेला बाप चालतो, वेडा चालत नाही. दर महिन्याला मिलिटरी कँटीनमधून रमच्या बाटल्या यायच्या आणि दादा त्या वाटून टाकायचे, त्यांनी आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. ते माझ्या पायाशी पडले होते. त्यांना ऐकू गेलं होतं.

"पोटच्या पोरानं बापाला दारुड्या केलं, असं कडवं बांदलं व्हतं म्या," शिवा म्हणाला. "लई रागात. दादांनी तेवडंच काडाय लावलं. म्हनलं, त्यानं भैनीचं लगीन वाचवलं. हे गाणं गावोगाव जाणार, पोराला चार लोकांत मान खाली घालाय लावू नगं. म्या म्हनलं, चाल तुटती, खड्डा पडतोय. तर म्हनलं, पडू दे. तितं नुस्ता डफ वाजव. मला कळतंय तितं कोन हाय."

मंदाचं लग्न वाचवायला मी ते बोललो होतो का? थोडं. बाकी मला लाज वाटली होती, एवढंच. दादांनी माझ्या पदरात जे टाकलं ते मी कमावलेलं नव्हतं.

मी जाऊन त्यांच्याशेजारी पोत्यावर बसलो. पट्टा धडधडत होता. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. मी कान पुढे केला, श्वास धरला, पण मला एक शब्द कळला नाही. माझा कान गिरणीचा नव्हता, मी इतकी वर्षं चिलरचे आवाज ऐकत होतो. शिवाने समोरून पाहिलं. त्याला ऐकू येत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण तेवढ्या एका क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. मग दादांनी डोळे न उघडता हात उचलला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. पिठाची पाचही बोटं माझ्या शर्टावर उमटली.

काही वर्षांनी दादा गेले. व्हिसाच्या घोळात मी दहाव्यालाही पोहोचलो नाही, सगळं शिवाने उभं राहून केलं. त्याने पोवाड्याला शेवटचं कडवं जोडलं, त्यात स्वतःचं नाव पुन्हा एकदा घातलं. घालू दे. हेवा गेला असं मी म्हणणार नाही, तो आता अंगवळणी पडलाय, इथल्या उन्हासारखा.

आता आम्ही मस्कतमध्ये फ्लॅटमध्ये राहतो. बायको आली, मुलगी इथेच शाळेत जाते, अरबी आकडे माझ्यापेक्षा भरभर वाचते. खोडदला घर आहे, कुलूप आहे, किल्ली शिवाकडे आहे. गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो, पण आतून आता तसं काही वाटत नाही. पोवाडा मात्र गाडीत असतो, कॅसेटची आता सीडी झाली आहे. लग्नाचं कडवं संपत आलं की मी आवाज वाढवतो.

परवा मुलगी शेजारी बसली होती. नुसता डफ सुरू झाला तशी म्हणाली, "बाबा, इथे गाणं बंद पडलं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "थांब जरा. इथे तुझे आजोबा माझ्याविषयी बोलतायत."