आत्याबाईचं इसण

पाणी कढत होतं हो... हात घातला तर कातडं निघून यावं असं. मी कणीक मळता मळता न्हाणीच्या दारात आली, टावेल द्यायले, अन् पाह्यलं तर आत्याबाई पाय लांब करून बसेल, तिच्या नडग्यांवर माही परी पालथी, तेलानं चकचकीत, अन् आत्याबाईचा हात त्या पाण्याच्या गंजात मनगटापर्यंत बुडेल. ती पाणी ढवळत होती. निवांत. जसं काई कोमटच हाय. हात लालभडक झाल्ता अन् तिले पत्ताच नाई. मंग तिनं प्लास्टिकचा मग भरला, वर उचलला... मी कशी धावली मले आठवत नाई. कणकीच्या हातानंच परीले ओढलं, तेलानं ती माह्या हातातून सटकून राह्यली होती, मग कुठं पडला, पाणी माह्या पायावर उडालं, अन् मी अशी वरडली की शेजारची मंदा वहिनी भितीवरून डोकावली. काय झालं व, म्हणे. आत्याबाईच म्हणली, "काई नाई, पाल पडली आंगावर. भेकड हाय माही सून." मंदा वहिनी हसली अन् गेली. मंग आत्याबाईनं आपला हात डोळ्याजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला... दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा पाहत राह्यली.

आत्याबाई म्हणजे माही सासू. कौसाबाई नाव, पण आमच्या उंद्रीत लहानमोठे सारे तिले कौसामाय म्हणत. ती गेली त्याले आता महिना-सव्वा महिना होईन. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक तिच्याबद्दल लय चांगलं बोलले, मले कोणी बोल म्हणलं नाई अन् म्हणलं असतं तरी मी बोलली नसती, माही तर नववीतच शाळा सुटली, चार माणसांत उभं राहून बोलणं मले जमत नाई. पण तवापासून झोप येत नाई. स्वयंपाक करता करता मध्येच उठून परीले पाहून येतो. म्हणून पेपरले धाडायले हे लिहून राह्यली, जसं तोंडात येते तसं.

आत्याबाईचं काम म्हणजे लेकरायचं आंग धुणं. बाळंतीण घरी आली की आमच्या आळीतले लोक पहिले तिलेच बोलवायले येत. लाकडी पिढ्यावर बसे, पाय लांब करे, लेकरू नडग्यांवर घेई, अन् मंग तेल, मंग पाणी. कढत पाण्यात जे थंड पाणी मिसळतात ना, आमच्याकडे त्याले इसण म्हणतात, ते इसण ती एकदाच घाले अन् पाणी बरोबर व्हायचंच, दुसऱ्यांदा कधी हात लावावा लागला नाई. आंग धुऊन झालं की लेकराच्या तोंडावरचं पाणी निपटे अन् म्हणे, आली माही तहसीलदारीन. पोरगं असलं तर ठाणेदार. मले लग्नानंतर कोणी इचारलं की कोणाच्या घरची सून, तर ह्यायचं नाव सांगून कोणी ओळखत नव्हतं, कौसामायची म्हणलं की म्हणत, अरे, तिनं तर माहंही आंग धुतलं हाय. आमचे हे चिखलीले एका टायरच्या दुकानावर जातात, सकाळी गेले की दिवे लागणीले येतात, घरात आम्ही दोघीच. दोघी अन् मंग परी, तिघी.

म्हातारपण तिले एकदम नाई आलं, एकेक करून आलं, पाव्हणे येतात तसं, अन् ती प्रत्येकाशी भांडली. पहिले गुडघे. त्या दोन गुडघ्यांले ती सवती म्हणे, "ह्या दोघी कधी एका मतावर येत नाईत. एक उठ म्हणते तर दुसरी बस म्हणते." पिढ्यावरून उठता येईना तवा तिनं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तिले जागोजागी गाठी मारल्या अन् न्हाणीच्या चौकटीले बांधली. एकेक गाठ धरत ती वर चढे, जशी काई विहिरीतून निघून राह्यली. मंग दाढा गेल्या, तर भाकर वरणात कुस्करून खाई अन् म्हणे लेकरासारखी चैन हाय. मंग बोटं अशी सुजली की बांगड्या चढेनात. विहारात वंदनेले सारे खाली बसत, हिले कोणी खुर्ची दिली तर ती मांगं सरकवून द्यायची अन् खांबाले पाठ लावून खालीच बसायची, उठताना मात्र सारे गेल्यावर उठे, कोणी पाहू नये म्हणून. शुगर तर होतीच, गोळ्या चालू होत्या. पण शुगरीनं हात-पाय बधिर होतात हे आम्हाले कोणाले माहीत... म्हणजे तिले माहीत होतं. तिनं सांगतलं नाई.

त्या पालीच्या दिवशी मी परीले छातीशी धरून खोलीत बसेल होती, दाराले कडी घालून. सासूनं लय वेळ कडी वाजवली नाई. मंग चहा घेऊन आली, दोन कप, अन् उंबऱ्यातच बसली. म्हणे हाताले केव्हापासून तरी काई कळत नाई, पायाले तर त्याच्याही पहिलेपासून, चप्पल रस्त्यात निघून पडते तरी समजत नाई. मी म्हणली, ह्यायले सांगतो, दवाखान्यात जाऊ. तर तिनं माह्या पायाले हात लावला... सासूनं, सुनीच्या पायाले. मी पाय ओढून घेतले.

"रूपा, त्याले सांगू नको व. तो मले खाटीवर बसवन."

खाटीचं भेव तिले काऊन होतं ते मले माहीत होतं. तिची सासू दाराजवळच्या खाटीवर कितीक वर्षं बसून होती, येणाराजाणारा तिच्यावर ओले कपडे टाकून जाई, वाळवायले. हे आत्याबाईनंच सांगतलं होतं, हसत हसत. अन् आमचे हे तर मांगच म्हणून चुकले होते, ती एकदा कोणाच्या पायरीवर घसरली तवा, का माय आता बस कर, लोकायची लेकरं पुरे झाली. एवढं एक कारण भेटलं असतं की झालं.

मी म्हणली, "अन् परीले काई झालं असतं मंग?"

चहावर साय आली. मंग ती म्हणली, "पाणी तू पाह्य. लेकरू मी पाह्यतो."

असं ठरलं आमचं. दुसऱ्या दिवशीपासून पाणी मी पाहू लागली. मी बोट बुडवलं तर तिनं हातावर चापट मारली, म्हणे बोटं भांडे घासून घासून मेली तुही, कोपर बुडव, कोपराले कोणी काम देत नाई, त्याले सारं कळते. मी कोपर बुडवून हाव, बरोबर हाय म्हणली की मंगच ती मग उचले. अन् तिच्या नडग्यांवर परी अशी शांत पडून राहे की काय सांगू, माह्या जवळ तर किंचाळते. हात बधिर असले तरी लेकरू कसं धरावं हे तिच्या मनगटाले, मांडीले, कशाले तरी ठाऊकच होतं.

मंग मंदा वहिनीची पोरगी पूजा माहेरी बाळंतीण झाली अन् बोलावणं आलं. आपलं लेकरू म्हणून मी दारात उभी राह्यली, पण लोकायच्या लेकराले काई झालं तर... सांगावं त मंदा वहिनी साऱ्या आळीत सांगन, न सांगावं त ते एवढुसं लेकरू. आत्याबाई लुगडं बदलून अंगणात उभी, माह्याकडं पाहत. मी परीले कडेवर घेतलं अन् तिच्या संगं निघाली. तवापासून रोज गेली. मंदा वहिनी म्हणे, काय व कौसामाय, सुनीले धंद्याले लावलं काय? तर आत्याबाई म्हणे, "मले आता वाकता येत नाई बाई, सवती भांडतात. पाणी ती पाहीन." खोटं नव्हतंच ते. मी कोपर बुडवायची, हाव म्हणायची, ती आंग धुवायची. कोणाले काई कळलं नाई. त्या हिवाळ्यात अन् उन्हाळ्यात आम्ही दोघीनं कितीतरी लेकरं धुतली, अन् खरं सांगू, मले इतकं भेव वाटत होतं रोज, तरी मले ते लय आवडे. येताना ती माह्या खांद्यावर हात ठेवून चाले. लोकायले वाटे प्रेमानं ठेवला हाय. होताच प्रेमानं, पण पायाले रस्ता कळत नव्हता म्हणूनही होता.

एक गोष्ट मात्र तिनं ऐकली नाई. स्वतःचं आंग धुवायले ती मले न्हाणीत येऊ देत नव्हती. मी म्हणली, तुमचंही पाणी पाह्यतो, तर म्हणे, "साऱ्या गावाले मी नागडं पाह्यलं. मले कोणी पाहू नये." दार लावून घेई. गुडघ्यांले बरं वाटते म्हणून पाणी कढत लागे तिले, चुलीवरून गंज उतरवून मीच दारात ठेवत होती, बाजूले थंड पाण्याची बकेट. आतमध्ये ती इसण घाले की नाई, किती घाले... दार लागेल असे. मी बाहेर परीले घेऊन उभी राहत होती, पाणी पडायचा आवाज येई, तिचं ते पुटपुटणं येई गुडघ्यांसोबत, अन् मले वाटे, सारं ठीक हाय.

उन्हाळा तापला तवा तिनं ह्यायचा जुना मोजा पायात घातला. एकाच पायात. मी इचारलं, तर टाच फुटली, तेल लावून ठेवलं म्हणे. चार दिवसांनी परत इचारलं तर चिडली, म्हणे तू डॉक्टरीन झाली काय. मले वास आल्ता... हाव, आल्ता. मले वाटलं मोज्याचाच वास. आत्याबाई चालत होती, हसत होती, दुखते म्हणत नव्हती. तिले दुखतच नव्हतं ना.

परी रांगायले लागल्ती. एका दुपारी आत्याबाई भितीले टेकून बसेल, डोळा लागेल, अन् परीनं तिच्या पायातला मोजा धरून ओढला, लेकरं ओढतात तसा. अर्धा निघाला अन् अटकला. परी ओढूनच राह्यली. आत्याबाई झोपेतून हललीही नाई. मी जवळ गेली, परीले उचललं अन् मंग मोजा पाह्यला... वल्ला होता. मी पाण्यानं भिजवून भिजवून तो सोडवला. पायाची बोटं काळी पडेल, वरचं कातडं सोलून निघेल, भाजल्यासारखं. भाजेलच होतं. आत्याबाई जागी झाली, माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् पहिले पदर ओढून पाय झाकला.

चिखलीच्या डॉक्टरनं तशीच पुढं पाठवली, बुलडाण्याले नेलं. रक्तात विष भिनलं म्हणे. डॉक्टरनं इचारलं, भाजलं कशानं, एवढं होईपर्यंत कोणाले दिसलं नाई काय? ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी परीच्या झबल्याची गाठ बांधत बसली, बांधेलच होती तरी. शेवटल्या सकाळी आत्याबाईले तापात काई सुधरत नव्हतं, ह्यायलेही ओळखलं नाई. परीले मी तिच्या हाताजवळ नेलं, तर तिनं नाकानंच हुंगलं, अन् डोळे न उघडता मले म्हणली, "पाणी पाह्यलं काय व?"

मी म्हणली, पाह्यलं. त्याच्या मंग ती बोलली नाई.

आता घरात खाट नाई, खाटीवर कोणी नाई. सकाळी मी परीचं आंग धुतो, पिढ्यावर बसून, तशीच पाय लांब करून, पण परी किंचाळते. पूजानं निरोप पाठवला की तिच्या जावेले लेकरू झालं, तू येते काय, तू तर कौसामायच्या हाताखालची. मी अजून हाव म्हणलं नाई. अन् परवा ह्यायनं जेवता जेवता, ताटाकडं पाहत इचारलं, "तुले माहीत होतं काय, मायच्या हातापायाचं?" परी तेवढ्यात रडली, मी उठून गेली. त्यायनं परत इचारलं नाई. पण इचारतीन. अन् इचारलं नाई तरी हे छापून आलं तर वाचतीनच... दुकानावर पेपर येते.

काल एक झालं. मी चुलीवरून गंज उतरवून न्हाणीत ठेवला अन् इसणासाठी बकेट आणायले वळली, तेवढ्यात परी रांगत आत गेली. माहा जीव गेला. धावत आली तर ती गंजाजवळ नव्हती. चौकटीजवळ होती. आत्याबाईच्या लुगड्याची पट्टी दोन्ही हातानं धरून, खालची गाठ, मंग वरची गाठ... अन् उभी राह्यली. पहिल्यांदाच. पाय लटपट लटपट, तोंड माह्याकडं. मांगून हे आले, म्हणले ते फडकं काढून टाक आता, लेकराच्या गळ्यात अडकन. मी म्हणली, राहू द्या. मी गंजात इसण घातलं, कोपर बुडवलं, अन् कोणी इचारलं नव्हतं तरी हाव म्हणली.

त्या पहिल्याच दिवशी मी ह्यायले सांगतलं असतं तर आज ती असती. दाराजवळच्या खाटीवर असती, हात मांडीत घेऊन, आळीतून लेकरू रडलं की कान टवकारत. नाई सांगतलं, तर लेकरं धुत धुत गेली, अन् तिच्या एकटीच्या पाण्यात कोणी कोपर बुडवलं नाई. रात्रंदिवस हेच फिरते डोक्यात, इकून पाह्यलं तरी जळते, तिकून पाह्यलं तरी जळते. तुमच्या घरात म्हातारं माणूस असन, त्यानं तुमच्या पायाले हात लावून म्हणलं असतं, सांगू नको व... तर तुमी काय केलं असतं?