मावशीची चिमूट

आमच्या प्रयोगशाळेत कोळ्यांचे पाय काढायचं काम मावशीकडे होतं. ऐकायला कसाईखाना वाटेल, पण त्यातही हात बसावा लागतो. कोळ्याचा पाय मांडीपाशी हलकेच चिमटीत धरून ठेवला, की तो आपणहून पाय टाकून पळतो. जोर जास्त झाला तर पाय चिरडतो आणि आतल्या मज्जापेशी मरतात. सरांना त्या जिवंत हव्या असत. स्पर्श झाला की या पेशींच्या आवरणातली इवलीशी दारं उघडतात, क्षार आत धावतात आणि विजेचा संदेश निघतो. या दारांना आयन चॅनेल म्हणतात. ती कशाने बंद पडतात, हे शोधण्यात सरांची हयात गेली.

मावशीला नवरा नाही, मूल नाही, नोकरी तेवढी होती. त्यामुळे साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली तेव्हा तिने ब्र काढला नाही. चिमटीचा जोर ती डोळ्यांनी बघायची. नखाखाली पांढरं पडलं की सैल करायची. तरी पाय वाया जाऊ लागले.

हे ओळखलं तिच्या भाचीने. सख्ख्या बहिणीची लेक. मावशीनेच सरांच्या विनवण्या करून तिला इथे लावलं, हाताला धरून शिकवलं. तिच्यामुळेच आम्ही सगळे मावशी म्हणायचो. ही गुणाची बाई सरळ सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून आली. मला आजही तिचं तोंड बघवत नाही.

सरांनी दुपारी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"मावशी, डोळे मिटा. कोळ्यांच्या पायाला स्पर्श कळतो का बघायला लावतो ना, तो बारीक केस तुमच्या बोटाला लावायचाय. लागला की सांगा." आणि केस त्यांनी भाचीच्या हातात दिला.

"एवढंच ना सर?" मावशीने हात पुढे केला. मग डोळे मिटले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हं, लागला."

भाचीने केस अजून बोटाजवळ नेलाही नव्हता.

"छान. पुढे?" सर म्हणाले.

"हा पण लागला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी केस काढून घेतला आणि भाचीला काचेची सुई दिली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिने सुई मावशीच्या बोटाच्या पेरात खुपसली आणि तशीच धरून ठेवली. रक्ताचा थेंब फुगला, ओघळला, टेबलावर पडला. हसणारा मागे सरकला.

मावशीचे डोळे मिटलेलेच होते. ती केस लागायची वाट बघत होती. मग तीच हसली.

"काय गं, थांबलीस का? लाव की. आणि चिमूट हलकी धर, किती वेळा सांगितलंय तुला."